आवाज मरतो ती दिशा

हरबावर मी पहिल्यांदा डाफरलो ते डाकेच्या पिशवीवरून. शहापूरच्या पोस्टात रुजू होऊन मला चार दिवस झाले होते, आणि नवा पोस्टमास्तर नियमांना जितका जपतो तितका मी जपत होतो. सकाळी बाहेर येऊन बघतो तर शेणव्याला जायची पिशवी चिंचेच्या फांदीला टांगलेली आणि पायी डाक नेणारा आमचा हरकारा हरबा तिच्याखाली मान तिरकी करून उभा. सरकारी डाक झाडाला लावायची असते का, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"भुईवर दव हाय मास्तर," तो म्हणाला. "भिजली तर चिठ्ठी वाचता नाय येत." मग माझ्या रागाची दखलही न घेता त्यानं पुढं सांगितलं, "किन्हवलीची गाडी येतेय. डावं चाक रडतंय तिचं. पाच मिनटं थांबतो, कुनाची चिठ्ठी आली तर संगती नेतो."

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं, गडी थापाड्या दिसतो. तेवढ्यात वळणावरून बैलगाडी आली आणि तिचं डावं चाक खरोखरच रडत होतं. गाडीवानानं दोन पत्रं दिली, हरबानं ती पिशवीत टाकली आणि घुंगुरकाठी वाजवत निघून गेला. माझा राग मला एकट्यालाच गिळावा लागला.

हरबा मूळचा मुरबाडकडचा, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीचा कुणबी. शहापुरात बायकोच्या माहेराजवळ घर करून राहिलेला. अंगानं काटक, बोलणं मोजकं, आणि कान असे की लोक म्हणत, देवानं हरबाला घडवताना बाकीचं सामान संपलं म्हणून उरलेली सगळी माती कानांनाच लावली. पहिल्या महायुद्धात तो पलटणीबरोबर बसऱ्याला गेला होता. तिथं तारा ओढणाऱ्या तुकडीत असताना एका गोऱ्या सार्जंटनं त्याचे कान पारखले आणि त्याला कट्ट-कडकट्टची भाषा शिकवली. इंग्रजी त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण तारेवरून येणारं एकेक अक्षर तो बिनचूक उतरवून घ्यायचा. अक्षरं त्याची, अर्थ दुसऱ्याचा. लढाई संपली, पलटण मोडली, हरबा परत येऊन डाक वाहू लागला, पण कानातली कट्ट-कडकट्ट काही गेली नाही.

तो मुंबईच्या जुन्या बाजारातून एकेक वस्तू आणायचा. एक व्हॉल्व, एक कंडेन्सर, पलटणीतल्यासारखा कानाला लावायचा हेडफोन. त्यातून त्यानं एका व्हॉल्वचा रेडिओ उभा केला. शहापुरात वीज नव्हती. बॅटरी कल्याणला भरायला जायची आणि आसनगाव स्टेशनवर गार्डाच्या डब्यातून परत यायची. रेडिओचा परवाना पोस्टातूनच मिळायचा, त्यामुळे हरबाचा परवाना मीच लिहून दिला. लिहिताना मी चेष्टेनं विचारलं, "काय, गाणी ऐकणार?"

"गानी ठकू गाते की दळताना," तो बायकोचं नाव घेऊन म्हणाला. "माला मानसं आयकायची हायत."

ही माणसं म्हणजे हौशी रेडिओवाले. घरच्या घरी यंत्र बांधून ऐंशी मीटरच्या लाटेवर एकमेकांशी कट्ट-कडकट्ट करणारी. कुणी मुंबईत, कुणी लंकेत, कुणी त्याच्याही पलीकडं. हरबाला पाठवायचा परवाना नव्हता, तो फक्त ऐके. संध्याकाळी शेणव्याहून परत आला की पाय धुवून ऐकायला बसे, आणि सकाळी मला एक कागद आणून देई. त्यावर मोठमोठी इंग्रजी अक्षरं, मुंग्यांच्या रांगेसारखी एकसलग. मी ती तोडून शब्द लावायचो. "कायतरी बोलला का तो?" हरबा विचारी. मी सांगायचो, "म्हणतो, त्याच्याकडं पाऊस पडतोय." हरबा तृप्त व्हायचा. कुणाकडं तरी पाऊस पडतोय ही बातमी त्याला फार मोलाची वाटे. मग मी इंग्रजीत पत्र लिहायचो, की तुमचा आवाज आम्हाला इथं शहापूरला अमुक वाजता असा असा ऐकू आला. महिन्या-दोन महिन्यांनी उत्तरादाखल एक छापील कार्ड यायचं. ती कार्डं हरबानं घरी खंडोबाच्या तसबिरीशेजारी लावली होती. गावातली पोरं त्यांना हरबाची परदेशातली सोयरी म्हणत.

आता एवढं ऐकायचं तर एरियल हवं. लोक उंच झाडावरून लांब तार सोडतात. हरबानंही सोडली होती, पण वाऱ्यानं ती तुटे, आणि सगळीकडचा खरखराट ती एकदम गोळा करून आणी. त्याला पलटणीत पाहिलेलं वेढ्यांचं एरियल आठवलं. लाकडाच्या सांगाड्याभोवती तार गुंडाळायची की झालं. पण केवढा सांगाडा, किती वेढे, गोल की चौकोनी, हे सांगणारा सार्जंट आता कुठं शोधायचा? हरबानं घरात नजर फिरवली आणि त्याला दिसली कणगी. भात साठवायची बांबूची, छातीएवढी उंच, पोटानं चांगली गरगरीत. हंगाम व्हायचा होता, म्हणून रिकामीच होती. त्यानं तिलाच तारेचे वेढे घातले.

आणि ते चाललं. मुंबईची भाषणंसुद्धा अशी स्पष्ट येत की ठकूबाई म्हणाली, "कनगीत मानूस बसलाय." पण ऐंशी मीटरची माणसं काही येईनात. वेढे फार झाले होते. हरबानं एकेक काढत नेला तसा रेडिओचा काटा ऐंशी मीटरकडं सरकत गेला, आणि चार वेढ्यांवर ती माणसं सापडली. तो आठवडाभर खुशीत होता.

मग भात आलं. भात भरण्याआधी कणगी शेणामातीनं सारवतात, नाहीतर फटींतून दाणे सांडतात. हरबा शेणव्याला गेलेला असताना ठकूबाईनं रीतीप्रमाणे कणगी बाहेरून-आतून छान सारवली आणि बाहेरच्या तारेचे वेढेही त्यात गाडून टाकले. तिला वाटलं, कणगी फाकू नये म्हणून नवऱ्यानं त्या तारा आवळल्या असतील. वर पन्नास पायल्या भात भरलं. संध्याकाळी हरबा कानाला हेडफोन लावून बसला तर सगळी दुनिया मेलेली. ओल्या शेणानं वेढे एकमेकांना मिळाले होते. तो कणगीकडं बघत बसला आणि ठकूबाई त्याच्याकडं.

"भात काढतेस का गो दोन दिस?" त्यानं विचारून पाहिलं.

"भरली कनगी उपसायची नाय," ती म्हणाली. "तुजी मानसं उपाशी मरनार नायत. आमी मरू."

मी ही गोष्ट पोस्टात येईल त्याला सांगितली आणि सगळे पोट धरून हसले. हरबा हसला नाही. त्यानं मला सांगितलं की कणगीनं त्याला दोन गोष्टी शिकवल्या. तारेला वारा हवा, वेढ्याला वेढा लागता कामा नये. आणि दुसरी, कणगी फिरवता येत नाही. "कान असतो तो वळवाया पायजे, मास्तर," तो म्हणाला.

मग त्यानं सागाच्या दोन पट्ट्यांची फुली केली, प्रत्येक पट्टी दोन हातांची, टोकांना खाचा पाडल्या, वितळलेल्या मेणात लाकूड बुडवून काढलं आणि एकेक बोटाचं अंतर ठेवून चार वेढे घातले. मी शहाणपणानं म्हटलं, गोल कर की, तेवढ्याच तारेत जास्त जागा व्यापते. "गोलाचं पोट मोठं, खरं हाय," तो म्हणाला, "पन चौकोनाला टोक असतं. टोकावरनं कळतं तोंड कुटं हाय ते." राहिला प्रश्न फिरवण्याचा. त्यासाठी त्यानं घरातलं जातं घेतलं. जात्याच्या वरच्या तळीवर चौकट उभी केली. खुंटा धरून तळी हळूच सरकवली की चौकट हवी तिकडं वळे, लोण्यासारखी. खालच्या दगडाच्या कडेला त्यानं कोळशानं दिशा आखल्या. ठकूबाईनं एकच अट घातली, की दळण झाल्याशिवाय जातं मिळणार नाही. ती अट हरबानं शेवटपर्यंत पाळली.

या चौकटीची एक खुबी त्यानं मला शिकवली, ती माझ्या अजून लक्षात आहे. चौकटीची कड आवाजाकडं केली की आवाज मोठा येतो. पण मोठा आवाज फसवा. थोडं इकडंतिकडं फिरवलं तरी तो मोठाच राहतो. चौकटीची सपाट बाजू आवाजासमोर आली की मात्र आवाज एकदम मरतो, आणि तो मरतो ती जागा सुईएवढी बारीक असते. म्हणून दिशा शोधायची तर आवाज मारायचा. "कान सांगंल तितकंच बोलाचं," असं तो वर म्हणे. त्याच्या तोंडचं हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेन.

आणि मग रेगे उपटले. रेगे मुंबईचे इंजिनियर, हौशी रेडिओवाल्यांत मोठं नाव. त्यांनी एका संध्याकाळी अगदी दुबळं यंत्र लावून संदेश सोडून पाहिला. पुण्यानाशकाच्या बड्या बड्या एरियलवाल्यांना काही ऐकू आलं नाही आणि शहापूरच्या एका हरकाऱ्याचं पत्र मात्र गेलं, संपूर्ण संदेशासकट. त्या शहरांत विजेचा गोंगाट होता. आमच्याकडं विजेचं नाव नव्हतं, म्हणून ऐकू आलं. पण रेग्यांना ते पटलं नाही. इंग्रजी न येणारा डाकवाला, दोन हातांची चौकट, एक व्हॉल्व. त्यांना लबाडीचा वास आला. त्यांनी थेट आमच्या वरिष्ठांना लिहिलं की या माणसाकडं बेकायदा यंत्र असावं किंवा त्याच्या नावानं दुसराच कुणी थापा मारत असावा. वरून कागद आला. हरबा खोटा ठरला तर त्याचा हरकाऱ्याचा पट्टा काढून घ्या, म्हणजे कामावरून काढा. रेगेसाहेब रविवारी स्वतः येऊन परीक्षा घेतील.

पत्रं लिहिणारा मीच होतो, तेव्हा माझीही नोकरी टांगलेलीच होती. पण माझी बदली झाली असती, फार तर एक पगारवाढ गेली असती. हरबाच्या घरी चार तोंडं आणि सारा भरवसा त्या पितळी बिल्ल्याच्या पट्ट्यावर. मी काळजीनं वाळलो. हरबानं बॅटरी भरून आणली आणि बायकोला सांगितलं, रविवारचं दळण शनिवारी उरकून घे.

रेगे स्वतःच्या मोटारीतून आले. टोप, घड्याळ, हातात फूटपट्टी. आल्या आल्या त्यांनी चौकट मोजली, कागदावर बरंच गणित केलं आणि म्हणाले, "या मापाला पावणेचार वेढे हवेत. तू चार घातलेस."

"गनित बरोबर हाय साहेब," हरबा म्हणाला. "चारातला पाव वेढा खाली जोडनीत गेला. पावनेचारला तार हवेत संपली असती."

रेग्यांनी चौकटीच्या बुडाशी वाकून पाहिलं आणि फूटपट्टी बाजूला ठेवली. मग त्यांनी सांगितलं, की त्यांचा मदतनीस मुंबईत त्यांच्या घरून अकरा वाजता आणि पुन्हा दोन वाजता संदेश सोडेल. हरबानं तो उतरवून दाखवावा.

अकरा वाजले. हरबानं हेडफोन चढवला, मान तिरकी केली, खुंटा धरला. पेन्सिल चालू लागली. रेगे खिशातल्या कागदाशी अक्षरं ताडून पाहत होते. शेवटचं अक्षर झालं तशी त्यांच्या चेहऱ्यावरची गाठ सुटलेली मला दिसली. एक अक्षर चुकलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. पण हरबा अजून जातं सरकवतच होता. हळूच डावीकडं, हळूच उजवीकडं. मग त्यानं हेडफोन काढला.

"साहेब, ही मुंबई नाय."

मी पायानं त्याला ढोसलं. परीक्षा झाली होती, पट्टा वाचला होता, आता तोंड उघडायचं कारण काय? रेगे शांतपणे म्हणाले, "माझा माणूस मुंबईतच आहे."

"तुमचा मानूस कुटं हाय ते तुमाला ठावं," हरबा म्हणाला. "आवाज कुटनं येतोय ते माला ठावं. मुंबई ह्या बाजूला. आवाज मरतो तो हितं." त्यानं कोळशाच्या रेघेवर बोट ठेवलं. दक्षिणेच्या थोडं पूर्वेला. "नायतर ह्याच्या बरोब्बर मागं, उत्तरंला. पुढं का मागं ते चौकट सांगत नाय. शेनव्याला जाऊन पुन्ना आयकाया लागंल."

"हे एवढं जातं शेणव्याला न्यायचं?" रेग्यांनी विचारलं.

"जातं कशाला न्यायचं साहेब? शेनव्यात जाती नायत काय?"

आम्ही मोटारीतून शेणव्याला गेलो. चौकट हरबानं मांडीवर उभी धरली होती, नवरीमुलीला सांभाळून न्यावं तशी. तिथं त्याच्या रोजच्या वाटेवरच्या एका म्हातारीच्या ओसरीत जातं मांडलेलं होतं. तिनं नाचणी बाजूला केली, आणि कशासाठी हवंय हेही न विचारता उठून उभी राहिली. दोनला संदेश सुरू झाला. हरबानं खुंटा फिरवला, थांबला, आणि दिशा दाखवली. या खेपेला दक्षिणेच्या थोडं पश्चिमेला. मी पोस्टातला तालुक्यांचा नकाशा बरोबर घेतला होता. हरबानं ठकूबाईनं दिलेला दोरा काढला. एक दोरा शहापूरवरून लावला, दुसरा शेणव्यावरून. उत्तरेकडं दोन्ही दोरे फाकत गेले. दक्षिणेकडं ते जवळ जवळ येत एकमेकांना भेटले, आणि भेटले तिथं छापलेलं होतं मुरबाड.

रेग्यांनी दोरे भेटले तिथं बोट ठेवून पाहिलं. मग त्यांनी टोप काढला. "माझा माणूस काल संध्याकाळीच मुरबाडच्या बंगल्यात जाऊन बसला आहे," ते म्हणाले. "परवानगी काढून यंत्र नेलं. मला बघायचं होतं, तू ऐकतोस की नुसता माझ्या हो ला हो करतोस." परत येताना त्यांनी हरबाला पुढं, स्वतःशेजारी बसवलं. शहापूरच्या बाजारातून मोटार गेली तेव्हा मागच्या सीटवर मी बसलो होतो, पोस्टमास्तर, आणि मला त्याचा इतका अभिमान वाटत होता की माझं मागं बसणं मला पदवीसारखं वाटलं. आठवड्यानं रेग्यांनी वरिष्ठांना पत्र लिहिलं. त्यात एक वाक्य असं होतं की आपला हरकारा खोटं बोलत नाही; उलट माझं खोटं त्यानं पकडलं. ते पत्र फायलीला लागलं.

त्याच पत्रानं पुढं घात केला. दुसरी लढाई आली, बेचाळीस साल आलं, आणि आमच्या डोंगरांत भूमिगत माणसं वावरू लागली. सिद्धगडाच्या बाजूच्या रानातून कुणीतरी चोरून संदेश पाठवतं असा सरकारला वहीम होता. एका दुपारी एक पोलीस अधिकारी आला, त्याच्या हातात रेग्यांच्या पत्राची नक्कल होती. त्यानं मला बरोबर घेतलं आणि हरबाचं घर गाठलं. दळण झालेलं होतं. हरबानं न सांगता चौकट जात्यावर ठेवली आणि हेडफोन चढवला. बऱ्याच वेळानं त्याची मान तिरकी झाली. त्यानं खुंटा सरकवला, थांबवला. मला कळलं, सापडला.

"आवाज आहे?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"हाय."

"दिशा मिळाली?"

"मिळाली." हरबानं जातं गरगर फिरवून भलतीकडंच सोडून दिलं. "पन ती नाय सांगनार."

मी त्याला परसात नेलं. म्हटलं, अरे, कुठलीतरी उलटी दिशा दाखव, कसाऱ्याकडं बोट कर, हे लोक चार दिवस तिकडं भटकतील आणि तू सुटशील. मी, सरकारचा नोकर, हे बोललो याचं मला आज बरंच वाटतं. हरबानं माझ्याकडं पाहिलं. "चौकट कदी खोटं बोलली नाय, मास्तर. तिच्या नावानं मी कसा बोलू? गप ऱ्हाता येतं, तितकं करतो."

त्याला दोन दिवस कोठडीत ठेवलं. मारलं असावं, तो त्याबद्दल कधी बोलला नाही. चौकट जप्त करून नेली. "त्यांनी जातं नाय नेलं ते बरं," ठकूबाई मला म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. तिसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढल्याचा कागद आला, आणि हरबा पोस्टात आला. त्यानं पट्टा उतरवला, पितळी बिल्ला धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मी पावती लिहिली. शहापूर-मुरबाडच्या त्या मुलखात त्या दिवसांत पुष्कळांनी पुष्कळ शौर्य केलं असेल. मी पाहिलं ते हे.

त्याच्या जागी वाशिंदचा एक माणूस आला. तिशीतला, भला, पण रानाला घाबरणारा. पहिल्या सकाळी तो पट्टा चढवून, घुंगुरकाठी घेऊन पायरीवर घुटमळत होता, तर समोरून हरबा आला. अंगात पट्टा नसल्यानं तो मला एकदम बारीक दिसला. नव्या माणसाला तो म्हणाला, चल, आठ दिस संगती येतो. वढा कुटं उतरायचा, कुटल्या घरी पानी मागायचं, कुटली म्हातारी चिठ्ठीची वाट बघत बसते, समदं दावतो.

तो माणूस ओशाळला. "तुमचा पट्टा माज्या अंगावर आला, दादा," तो म्हणाला. "राग नाय ना धरला?"

"पट्टा सरकारचा होता," हरबा म्हणाला. "वाट माजी हाय." आणि त्यानं पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि पुढं चालू लागला.